फिलोमेनचा जबाब

फिलोमेनचं नाव पाटीवर नाही हे बोलेंबे गावाला कळलं तो शनिवार होता. शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस, त्यामुळे ज्यांना कळायला नको होतं त्यांनाही ते त्याच वेळी कळलं.

पाटी राजधानीहून आली होती. नदी आटत आलेली, बोट खालच्या वळणावर गाळात रुतली, आणि शेवटचे दोन कोस पाटी गोणपाटात गुंडाळून होडीत आडवी घालून आणावी लागली. दवाखान्यात न्यायच्या माणसाला आणतात तशी. धक्क्यावर दोन खांब आठवडाभर आधीच रोवून ठेवले होते. पाटीवर काय असणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वर मोकेले-म्बेम्बेचं चित्र, म्हणजे हत्तीचं अंग आणि अजगराची मान, आणि खाली दलदलीत ते जनावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गावकऱ्यांची नावं. बारा वर्षांपूर्वी राजधानीहून आलेल्या एका समितीने चौदा जणांचे जबाब लिहून घेतले होते. आता पाहुणे येणार, परदेशी लोक येणार, त्यांना धक्क्यावर पाय ठेवताच कळावं की इथे विचारायचं कोणाला, म्हणून ही पाटी. चौदा जणांत पाचवी फिलोमेन होती. तिला जाऊन साडेदहा महिने झाले होते.

तिचा नवरा अनिसे मोबांगी, कचेरीतला हेडक्लार्क, सगळ्यांच्या पुढे उभा होता. अंगावर दुखवट्याचं काळं कापड, दाढी वाढलेली. शेजारी कचेरीतल्या बऱ्यापैकी खुर्चीवर फिलोमेनची आई बसली होती. हल्ली दूरच्या गावी राहणारी म्हातारी लेकीचं नाव बघायला दोन दिवस होडीतून आली होती. सोबत फिलोमेनचे मामा एबोको आणि धाकटी बहीण ओदिल. ओदिल शाळेत मास्तरीण, आणि स्वभावानेही मास्तरीणच.

गोणपाट सुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चित्रातलं जनावर थोडं गायीसारखं दिसत होतं, पण ते कोणी बोललं नाही.

"कुठलं रे?" म्हातारीने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. "पाचवं ना?"

अनिसेने नावं मोजली. तेरा. पुन्हा मोजली. तेराच. पाचव्या ओळीवर ताडी काढणाऱ्या झेरोमचं नाव होतं. अनिसेने आयुष्यात हजारो शिक्के मारले असतील, पण एकही चुकीच्या जागी मारला नव्हता. त्या दिवशी मात्र त्याचं बोट आपोआप उठलं आणि पाचव्या ओळीवर जाऊन टेकलं.

"हे बघा आई. हे."

म्हातारी खुर्चीतून उठली. त्या नावावर तिने तळहात ठेवला, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तो फिरवला, आणि मोठ्याने रडायला लागली. बाजारातल्या बायकाही पद्धतीप्रमाणे तिच्याबरोबर रडायला लागल्या. झेरोम तिथेच उभा होता, गळ्यात ताडीचा भोपळा अडकवून.

"माझ्या नावावर का रडते ही?" त्याने शेजारच्याला विचारलं. "मी आहे ना अजून?"

ओदिल पुढे झाली. तिने सगळ्या ओळी वरून खाली वाचल्या, मग खालून वर वाचल्या. मग म्हणाली, "आई, हात काढ. तो झेरोम आहे."

रडणं थांबलं. एखाददुसरी बाई उगीचच अजून थोडी रडली आणि गप्प झाली. म्हातारीने हात मागे घेतला आणि लुगड्याला पुसला. अनिसेचं बोट मात्र अजून पाटीवरच होतं. ते खाली कधी घ्यावं हे त्याला सुचेना.

"जावई," एबोको मामा म्हणाले, "पोरीचं नाव कुठे गेलं?"

"राजधानीत गहाळ झालं असेल, मामा. तिकडे होतं असं."

"तेरा पोचले आणि एकच गहाळ?"

"तिचा कागद पातळ होता," अनिसे म्हणाला.

इतकं मूर्ख उत्तर आपल्या तोंडून आलं याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. पण तोंडातून सुटलेला शब्द आणि शिक्का मारलेला कागद परत घेता येत नाही.

संध्याकाळी आंब्याखाली सासरची बैठक बसली. मामांनी निकाल दिला. वर्ष भरलं की बायकोची माणसं नवऱ्याला नदीवर नेऊन न्हाऊ घालतात, दाढी काढतात, काळं कापड उतरवून नवं नेसवतात. तसं दीड महिन्याने अनिसेचं व्हायचं होतं. ते आता होणार नाही. "पोरगी अकरा वर्षं सांगत होती की माझं नाव राजधानीत आहे," मामा म्हणाले. "आम्हीही दहा गावांत सांगितलं. आता लोक म्हणतील ती खोटारडी. तिचा शब्द जागेवर आण, मग आम्ही तुझी दाढी काढू."

हे ऐकायला सोपं वाटतं. पण काळ्या कापडातल्या माणसाशी कोणी हात मिळवत नाही, तो चटईवर बसतो आणि एकटा जेवतो. अनिसेने साडेदहा महिने कचेरीतही हे सगळं पाळलं होतं. चटईवर बसून टेबलावरच्या कागदाला शिक्का मारायचा म्हणजे हात डोक्याच्या वर न्यावा लागतो. गेल्या वर्षातल्या सगळ्या जन्मदाखल्यांवरचे शिक्के त्यामुळे थोडे तिरपे आहेत. दीड महिन्यानंतर खुर्चीवर बसायचं, ही एवढीच गोष्ट तो मनाशी धरून होता.

शेजारी बार्नाबे. त्याचं औषधांचं दुकान आहे, पण सल्ला तो फुकट देतो, आणि औषधापेक्षा जास्त देतो.

"एवढं काय त्यात?" बार्नाबे म्हणाला. "खाली जागा आहे ना? तूच लिही. माझ्याकडे होडीचा रंग उरलाय."

"सरकारी पाटी आहे, बार्नाबे."

"आणि तू कोण आहेस? सरकारच ना?"

हे अनिसेला पटलं. माणसाला पटायचं असलं की कमी कारणही पुरतं. दुपारी गाव झोपलेलं असताना तो हिरव्या रंगाचा डबा आणि कोंबडीच्या पिसांचा कुंचला घेऊन धक्क्यावर गेला. अक्षरं मोठी काढायची, बायकोचं नाव बारीक कशाला, असा त्याने विचार केला. त्यामुळे "फिलोमेन मो" इथपर्यंत पाटी संपली. उरलेलं आडनाव त्याने खांबावर उभं काढलं. काम वाईट झालं नव्हतं. लांबून पाहिलं तर कळत होतं.

पण रंग वाळायच्या आत मामादू दुकानदाराची बकरी आली आणि खांबाला अंग घासून गेली. संध्याकाळभर ती बकरी अनिसेचं अर्धं आडनाव कुशीवर घेऊन बाजारात फिरत होती. लोक तिला वाट करून देत होते.

उपप्रांताच्या अधिकारी बाई नव्याच आल्या होत्या, दक्षिणेकडच्या, समुद्राजवळच्या. सगळे त्यांना बाईसाहेब म्हणत. त्यांनी आधी बकरी पाहिली, मग पाटी, मग हेडक्लार्कचे हात.

"मोबांगी, शासकीय पाटी विद्रूप केल्याबद्दल तुम्हाला लेखी ताकीद द्यावी लागेल."

"होय, बाईसाहेब."

"पत्र तयार करा."

कचेरीत टंकलेखन करणारा माणूस एकच होता. अनिसेने स्वतःला ताकीद टाइप केली. मजकुरात बाईसाहेबांनी "यापुढे" सांगितलं होतं तिथे "यापुढे पुन्हा" असं केलं, म्हणजे जरब बसते. तीन प्रती काढल्या. शिक्का मारला. जावक वहीत नोंद केली. मग टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला, पत्र घेतलं, "मिळाले" म्हणून सही केली, आवक वहीत नोंद केली आणि स्वतःच्या फायलीत स्वतःची ताकीद लावली. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्या फायलीत लागलेला हा पहिला कागद. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की पत्रात एकही चूक नव्हती.

बाईसाहेब माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांनी स्वतः बिनतारी यंत्रावरून राजधानीला विचारलं. आठ दिवसांनी होडीतून उत्तर आलं, आणि उत्तराबरोबर एक नमुना. साक्षीदार मृत असल्यास, ज्याने ती हकिकत तिच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकली आहे अशा जवळच्या माणसाने नमुना भरून द्यावा. प्रसंगी हजर असलेल्या एका व्यक्तीचा अंगठा घ्यावा. मग नाव पाटीवर येईल. पांढऱ्या रंगात, व्यवस्थित.

"झालं की!" बाईसाहेब म्हणाल्या. "तिच्या तोंडून तुमच्याइतकं कोणी ऐकलं असणार? तीस वर्षांचा संसार."

"होय, बाईसाहेब," अनिसे म्हणाला आणि नमुना घेऊन चटईवर बसला.

सहा रकाने होते. नाव. त्या वेळचं वय, अकरा. ठिकाण, मोठ्या दलदलीतलं मासेमारीचं डबकं. काळ, कोरडा हंगाम, सकाळ. पाचवा रकाना: साक्षीदाराने प्रथम काय पाहिले. तोही त्याने भरला. सहावा रकाना होता: त्यानंतर काय झाले.

अनिसेने पेन टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं. कागदावर शाईचा ठिपका पडला.

आता हे सांगायला हवं. फिलोमेन धक्क्यावर धुरी दिलेले मासे विकायची. घरी कोणी जेवायला आलं, ताडी झाली, पानांत गुंडाळून उकडलेल्या मॅनिऑक कंदाच्या कांड्या सोडून झाल्या, की कोणीतरी म्हणायचं, फिलोमेन, ते सांग ना. ती सांगायला लागायची. डबक्यातलं पाणी एकदम थांबलं. वारा नव्हता आणि गवत वाकलं. मग पाण्यातून मान वर आली आणि त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. एवढ्यात अनिसे म्हणायचा, "आणि विचारलं, बाई, मासे कसे दिले?"

सगळे हसायचे. लोक ताडी सांडेपर्यंत हसायचे. तीही हसायची, आणि हसत हसत उठून आणखी मासे वाढायला जायची. तीस वर्षं अनिसेने हा विनोद एकदाही चुकवला नव्हता. नवीन पाहुणा असला तर तो थोडा थांबून, जनावरासारखी मान वळवून म्हणायचा. लोक म्हणायचे, हेडक्लार्कच्या घरी जेवायला मजा येते.

पुढे काय झालं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने ते कधी ऐकलंच नव्हतं.

आणि तो कागद कुठे गेला, हे मात्र त्याला बारा वर्षं ठाऊक होतं. समितीने जबाब लिहून घेतले आणि नकला काढून, शिक्के मारून पाठवायला हेडक्लार्ककडे सोपवले. तेरा जणांच्या नकला त्याने सुवाच्य अक्षरात काढल्या. उरलेल्या एका जबाबावर बायकोचं नाव होतं. राजधानीत कोणीतरी मोठा साहेब हे वाचणार, त्याच्या मनात आलं. वाचून म्हणणार, मोबांगी हेडक्लार्कची बायको दलदलीत राक्षस बघते. त्याला कानकोंडं झालं. उद्या पाठवू म्हणून त्याने तो कागद बाजूला ठेवला. पावसाळ्यात कचेरीची जमीन एका बाजूला खचली, शिक्का मारताना टेबल डुगडुगायला लागलं, आणि हाताशी आला तो कागद आठ घड्या घालून त्याने टेबलाच्या पायाखाली सरकवला. दोन वर्षांत तो वाळवीने खाल्ला. टेबल तोपर्यंत आपोआप स्थिर झालं होतं.

तो जबाब त्याने वाचलाही नव्हता. पहिल्या ओळीवरचं नाव तेवढं वाचलं होतं.

फिलोमेन मात्र विनोदावर हसून झालं की म्हणायची, "तू हस. माझं तिकडे लिहून ठेवलंय." हे ती मरेपर्यंत म्हणत होती. शेवटच्या तापातही एकदा म्हणाली होती. तो "हो" म्हणाला होता.

बार्नाबेला त्याने फक्त सहाव्या रकान्याचं सांगितलं, टेबलाचं नाही.

"अरे, सगळ्यांचं सारखंच असतं," बार्नाबे म्हणाला. "मान वर आली, आवाज केला, बुडालं. बाकीच्यांच्या नकला कपाटात आहेत ना? घे एखाद्याचं."

अनिसेला लाज वाटली. पण ती आतापर्यंत इतक्या गोष्टींची वाटत होती की ही नेमकी कशाची हे वेगळं काढता येईना. त्याने झेरोमचा जबाब काढला आणि सहाव्या रकान्यात उतरवला. अक्षर न् अक्षर. नक्कल करताना मजकूर बदलायचा नाही, ही एकतीस वर्षांची सवय. हात आपोआप चालतो, डोकं दुसरीकडे असलं तरी.

आता अंगठा. त्या दिवशी फिलोमेनबरोबर होती ती तिची आत्या लुसी. पंचाहत्तरीची, पण अजून दर कोरड्या हंगामात बायकांबरोबर दलदलीत जाणारी. पाणी उतरलं की बायका डबक्याला चिखलाचा बांध घालतात आणि टोपल्यांनी, पातेल्यांनी पाणी उपसून तळाचे मासे धरतात. तिथे पुरुषाने जायचं नाही. हाकेच्या अंतरावरही यायचं नाही. पुरुषाची सावली पडली की मासे चिखलात खोल जातात आणि दिवस फुकट जातो. हे पोरासोरांनाही माहीत असतं. अनिसेलाही होतं. पण हातात सरकारी कागद असला की माणूस पुरुषही नसतो आणि बाईही नसतो, तो कचेरी असतो, अशी त्याची समजूत होती. तो शिक्क्याची पेटी काखेत घेऊन, काळं कापड गुडघ्यापर्यंत वर धरून डबक्याच्या काठावर जाऊन उभा राहिला.

"कचेरीच्या कामासाठी आलोय," त्याने जाहीर केलं.

अकरा बायका कमरेपर्यंत पाण्यात होत्या. सगळ्यांचे हात थांबले.

"कोण मेलं ते?" एक ओरडली.

"हेडक्लार्क आहे गं! सकाळपासून उपसतोय आम्ही, आणि हा मुडदा आत्ता उगवला!"

"गेले मासे," लुसी आत्या शांतपणे म्हणाली. "आता काय करायचं ठाऊक आहे ना, जावयबापू? ज्याने बिघडवलं त्याने उपसायचं."

"आत्या, मी दुखवट्यात आहे."

"पाण्याला काय कळतं? उतर."

त्याने पेटी आणि कागद फांदीवर ठेवले आणि तो उतरला. पातेलं हातात आलं. पहिली तीन पातेली त्याने वाऱ्याच्या दिशेने उडवली आणि ती परत अंगावर आली.

"बाहेर फेक, हेडक्लार्क, स्वतःवर नको!"

"अरे जावक आहे ते, आवक नाही!"

"शिक्का मार एकेका माशावर, म्हणजे पळणार नाहीत!"

अर्ध्या तासात त्याची कंबर गेली, आणि पाऊण तासाने कापड गेलं. चिखलात पाय रुतला, तो पुढे पडला, आणि वर आला तेव्हा दुखवट्याचं काळं कापड तळाशीच राहिलं. बायकांनी आधी पाठ फिरवली, मग किंचाळून हसल्या. एकीने काठावरचं स्वतःचं कापड फेकलं. पिवळ्या जमिनीवर लाल पोपट. ते गुंडाळून एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस काठावर बसला.

"बरं, काय काम होतं?" आत्याने विचारलं. ती आता जरा निवळली होती.

अनिसेने नमुना वाचून दाखवला. पाचव्या रकान्यापर्यंत बायका माना डोलावत होत्या. मग सहावा. "त्यानंतर त्याने हंबरल्यासारखा आवाज केला. मी घाबरून ताडाचा शेंडा घट्ट धरला. भोपळा हातातून सुटून खाली पडला."

डोलणाऱ्या माना थांबल्या. मग आत्या म्हणाली, "फिलोमेन ताडावर होती?"

"हे तर झेरोमचं!" दुसरी म्हणाली. "हे त्याने आम्हाला शंभरदा सांगितलंय. भोपळ्यासकट."

या वेळी हसल्या त्या इतक्या की पाण्यावर लाटा उठल्या. अनिसे हसला नाही. कागद गुडघ्यावर ठेवून तो म्हणाला, "आत्या, मग खरं काय ते तुम्ही सांगा. तुम्ही होता तिथे."

"होते. पण माझी पाठ होती." आत्याने बांधाकडे बोट दाखवलं. "अशी वाकून चिखल लावत होते. मला पाण्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर पोरगी उभी. घरी चल म्हटलं, तर चालायला लागली. मी विचारलं नाही. काम पडलं होतं. मग तुझ्या घरी तीनदा जेवायला आले. तीनदा तिने सुरू केलं."

"आणि मासे कसे दिले," काठावरची एक बाई हळूच म्हणाली.

"हो. मीही हसले," आत्या म्हणाली. "बायांनो, पुढचं कोणाला ठाऊक आहे?"

अकरा जणी एकमेकींकडे बघत राहिल्या. मान वर आली, वळून पाहिलं, इथपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. पुढे प्रत्येकीला फक्त अनिसे आठवत होता. त्यांच्यात फिलोमेनची जवळची मैत्रीण होती, बाजारात वीस वर्षं तिच्या शेजारी बसलेली. तिने ओठ हलवले, जणू आठवतंय, आणि मग मान हलवली.

अनिसे गावात परतला तो लाल पोपटांच्या कापडात. मुदतीआधी काळं उतरवणं हा गुन्हा, त्यावर बाईचं कापड नेसणं म्हणजे काय, याला गावात शब्दही नव्हता. मामादूच्या दुकानापासून आंब्यापर्यंत लोक बाहेर येऊन उभे होते. एबोको मामा चटईवरून उठले.

"जावई! हे काय?"

"मामा, बसा. मला बोलायचंय. आईंनाही बोलवा."

त्याने उभ्यानेच सांगितलं. काळं कापड डबक्यातल्या चिखलात गेलं. कागद राजधानीत हरवला नाही. मी पाठवलाच नाही. मला लाज वाटली.

"मग आहे कुठे?"

"टेबलाच्या पायाखाली घातला. वाळवीने खाल्ला."

मामांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कशाखाली?"

"पायाखाली, मामा. टेबल हलत होतं."

ओदिलने विचारलं, "वाचलात तरी का, भाऊजी? घालण्याआधी?"

"नाही."

"तीस वर्षांत एकदा तरी शेवटपर्यंत ऐकलंत?"

"नाही."

बार्नाबे गर्दीत होता. तो काहीतरी सल्ला द्यायला पुढे झाला आणि पहिल्यांदाच काही न बोलता मागे सरकला. मामा म्हणाले, चिखलात कापड गेलं ते गेलं, नवं काळं आणा आणि याला पुन्हा नेसवा. आता वर्षाचा हिशेब राहिला नाही. अनिसेने मान खाली घातली. त्याला ते कमीच वाटलं. खरं तर कोणीतरी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, पण हेडक्लार्कच्या थोबाडीत कोण देणार?

म्हातारी खुर्चीत बसून होती. इतका वेळ ती अनिसेकडे नाही, त्याच्या अंगावरच्या पोपटांकडे बघत होती.

"त्याला काय विचारता," ती म्हणाली. "मला विचारा."

सगळे वळले.

"त्या दिवशी पोरगी घरी आली ती टोपलीशिवाय. नवी टोपली होती, माझ्या आईने विणलेली. डबक्यातच टाकून आली. मी विचारलं, टोपली कुठे? ती म्हणाली, आई, मी आज... आणि मी तिला मारलं. ती पुन्हा म्हणाली, आई, ऐक ना. मी दुसरी दिली. मग ती नाही बोलली." म्हातारीने हात उलटा करून बघितला. "तिने आधी मलाच सांगायचं ठरवलं होतं. हा तर नुसता हसला."

ओदिलने आईच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला नाही, पण धरलाही नाही.

"कागदावर आहे तेवढं वाच," म्हातारी अनिसेला म्हणाली. "मध्ये कोणी बोलायचं नाही."

अनिसेने कागद उघडला. एका कोपऱ्याला चिखल लागला होता. त्याने पहिल्यापासून वाचलं. नाव, वय, ठिकाण. पाणी थांबलं. वारा नव्हता आणि गवत वाकलं. पाण्यातून मान वर आली आणि त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. तिथे तो थांबला. गावातही कोणी हललं नाही. सगळे थोडे पुढे झुकून उभे होते.

"पुढे?" म्हातारी म्हणाली.

"पुढे नाही, आई."

दुसऱ्या दिवशी त्याने झेरोमचा मजकूर पट्टी धरून सरळ रेघेने खोडला आणि नमुना बाईसाहेबांकडे दिला. त्यांनी तो वाचला आणि टेबलाच्या खणात ठेवला. परत केला नाही, पाठवलाही नाही. पाच रकाने भरलेले आहेत. सहावा भरायचा राहिला आहे.